माद्रिदला राहिलेला नवरा

तोक्योतल्या हिगाशी-कसाई भागात नवव्या मजल्यावर असलेल्या घराचं दार उघडून कस्तुरीने आधी दोन्ही बॅगा आत ढकलल्या आणि मग ती आत आली. जाताना माणसं दोन होती आणि बॅगाही दोन. परत येताना बॅगा तेवढ्याच होत्या, माणूस मात्र एकच. नवरा माद्रिदला राहिला होता.

बूट काढता काढताच फोन वाजला.

"पोचलीस?" नचिकेतने विचारलं. "हे बघ, उद्या लवकर नीघ. इमिग्रेशनचं ऑफिस उघडायच्या आत रांगेत उभी राहा. शिनागावाला उतर, तिथून बस आहे."

"माहीत आहे मला. मार्चमध्ये माझा व्हिसा बदलायला मीच गेले होते की."

"तेव्हा तुझा होता. आता माझा प्रश्न आहे, म्हणून म्हणतो, नीट विचार सगळं."

"नचिकेत, उद्या माझा पहिला दिवस आहे."

"कस्तू, त्यावर आपलं बोलणं झालंय ना?"

झालं होतं. म्हणजे तो बोलला होता आणि तिने ऐकलं होतं. बारा वर्षांच्या संसारात त्यांच्यात ज्याला बोलणं म्हणत, ते बहुतेक असंच असे.

कस्तुरी मूळची चिंचवडची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. झाली, एका कंपनीत यंत्रांच्या चाचणीचं काम दीड वर्ष केलं आणि जपानमध्ये असलेल्या मुलाचं स्थळ आलं म्हणून लग्न करून इथे आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला आठवड्यातले ठरावीक तासच काम करता येतं. ते तास तिने कधी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, भाताचे गोळे फडताळावर मांडण्यात घालवले, कधी डबे भरणाऱ्या कारखान्यात, तर कधी इंडियन शाळेच्या ऑफिसात. मूलबाळ झालं नाही. दोन डॉक्टर झाले, नंतर तो विषय घरातून आपोआप उठला. ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून ती जपानी शिकली, एकेक पायरी चढत परीक्षा पास झाली. नचिकेत तिला पाहुण्यांसमोर "आमची सेन्सेई" म्हणायचा. सेन्सेई म्हणजे गुरुजी. कौतुक की चेष्टा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

गेल्या हिवाळ्यात कावासाकीच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. रक्तदाब मोजायची यंत्रं बनवणारी छोटी कंपनी. भारतातून येणाऱ्या तक्रारी समजून घ्यायच्या, यंत्रं तपासायची, इथल्या इंजिनिअरांना सांगायचं. कायमची नोकरी. तिच्या वयाच्या, मध्ये इतकी वर्षं गेलेल्या परदेशी बाईला अशी नोकरी मिळत नाही, हे मुलाखत घेणाऱ्या हायाकावा-सान यांनीच हसत हसत सांगितलं होतं. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या त्या बाई पुढे म्हणाल्या, "मेच्या सुट्ट्या संपल्या की पहिल्याच दिवशी या. सुरुवातीचे सहा महिने रजा नसते. तेवढी तब्येत सांभाळा." कस्तुरीने कमरेत वाकून हो म्हटलं होतं.

व्हिसा बदलून आला तेव्हा जपानमध्ये राहण्याचं नवं कार्ड मिळालं. जुन्या कार्डावर ती अवलंबून असलेली बायको होती. नव्यावर तिच्या स्वतःच्या कामाची नोंद होती. ते कार्ड ती भाजी चिरताना मध्येच हात पुसून काढून बघत असे.

माद्रिदचं नचिकेतनेच काढलं. "आता सहा महिने तू अडकणार. जाऊन येऊ कुठेतरी. चार दिवस, दोघंच." खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. लग्नानंतर दोघं फिरायला गेली ती क्योतो आणि हाकोने, तेही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला.

माद्रिदमध्ये उतरल्यापासून नचिकेत अस्वस्थ. मेट्रोत लोक मोठ्याने फोनवर बोलत होते. एक म्हातारा डब्यात शिरून अ‍ॅकॉर्डियन वाजवायला लागला, तेव्हा नचिकेतने असं तोंड केलं की जणू त्याच्याच घरात कोणी चपला घालून शिरलंय. सरकत्या जिन्यावर दोघं तोक्योतल्या सवयीने डावीकडे उभी राहिली आणि मागचे लोक त्यांच्यावर येऊन आदळले. कस्तुरी संत्र्याच्या साली पिशवीत घालून दिवसभर फिरली. रस्त्यात पावलापावलावर कचऱ्याचे डबे होते, पण तोक्योत कचरा घरी न्यायची सवय इतकी हाडात भिनलेली की ते तिला दिसलेच नाहीत. रात्री हॉटेलात पर्स उघडली आणि ती एकटीच हसत सुटली.

"काय झालं?"

"साली आणल्या मी. हॉटेलात."

"बरं केलंस," तो म्हणाला. "इथल्या लोकांना शिस्तच नाही."

तिला मात्र ते गाव आवडलं होतं. अख्खं गाव जेवणं उशिरा करत होतं, बायका भर चौकात डोकं मागे टाकून हसत होत्या, लहान पोरं पायात आली तरी कोणी 'माफ करा' म्हणत नव्हतं. फक्त थांबता येत नव्हतं. नचिकेतने सगळं आखून आणलेलं. राजवाडा, मग बाग, मग तो मोठा चौक, मग पुलावरून सूर्यास्त. चौकातल्या दगडी बाकावर ती जरा टेकली तर तो घड्याळ बघायचा. "इथे बसायला आलोय का आपण?" तिला वाटलं, हो, त्यासाठीच. पण ती उठली.

निघण्याआधी त्याने म्हटलं होतं, "पासपोर्ट, कार्ड, सगळं माझ्या पाउचमध्ये दे." इतकी वर्षं ती देतच आली होती. या वेळी म्हणाली, "माझं माझ्याकडे राहू दे." पोटाशी बांधायची एक पातळ पिशवी तिने त्यासाठीच घेतली होती.

"ओहो! आता काय बाबा, कामावर जाणाऱ्या बाई!" तो म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकाच्या मागच्या एका गल्लीत ते जेवायला शिरले. आत तोबा गर्दी. कोपऱ्यात एक टेबल रिकामं झालं, तसं नचिकेतने आपलं पाउच काढून तिच्या हातात दिलं. "हे घे, जागा धर. मी काउंटरवर बघतो." ती बसली. तो तिकडून मेनूच्या फळ्याकडे बघत उभा, मागचे लोक कुरकुरायला लागलेले. त्याने वळून हात केला. "अगं, ये ना इकडे! यात मांस नसलेलं काय आहे, विचार जरा. तुला बरं जमतं खाणाखुणांनी."

ती उठली. पाउच टेबलावर ठेवलं, त्यावर आपला रुमाल ठेवला आणि गेली.

हे जगात दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला वेडं म्हटलं असतं. पण हिगाशी-कसाईच्या मॉलमध्ये ती दर रविवारी हेच करत होती. तिथे जागा अशीच धरतात. टेबलावर फोन ठेवायचा, पर्स ठेवायची, लॅपटॉपसुद्धा ठेवायचा आणि निवांत रांगेत जाऊन उभं राहायचं. परत यावं तर वस्तू ठेवली तशीच, वर कोणी हलवून नीट सरळ केलेली. बारा वर्षांत तिला एकदाही मागे वळून बघावं लागलं नव्हतं.

बटाट्याचं ऑम्लेट घेऊन ती दोघं परत आली तेव्हा टेबलावर रुमाल होता. पाउच नव्हतं.

त्यानंतरचा दीड दिवस पोलिसांत, हॉटेलच्या लॉबीत आणि फोनवर गेला. चोरीची तक्रार झाली. वकिलातीकडून कळलं की नवा पासपोर्ट पुढच्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत मिळेल. विमान कंपनीने सांगितलं की जपानचं कार्ड हरवलंय, तर नुसता पासपोर्ट पुरणार नाही. इमिग्रेशनचा एक दाखला लागेल आणि तो जपानमधल्या घरच्या माणसाने किंवा अधिकृत एजंटने तिथल्या कचेरीत जाऊन काढायचा.

"तू ठरलेल्या विमानाने जा," नचिकेत म्हणाला. "तू गेलीस तरच माझा दाखला निघेल."

"आणि तू इथे एकटा?"

"दुसरा काही मार्ग आहे का?" मग मोज्यांची घडी करत म्हणाला, "तुझं बरं राहिलं तुझ्याकडे."

तिने आपल्या बॅगेची चेन ओढली. पाउच तिच्या हातून टेबलावर ठेवलं गेलं होतं, हे खरं. त्याने हाक मारली म्हणून ती उठली, हेही खरं. पण दोघांपैकी पहिलंच खरं तेवढं मोठ्याने बोललं जाणार, हे तिला त्या टेबलापाशीच कळून चुकलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपल्या साहेबांना फोन लावला. त्याचं जपानी मीटिंगपुरतं. बोलता बोलता अडला आणि फोनवर तळहात ठेवून तिच्याकडे वळला. "चोरीला गेलं, याला काय म्हणायचं?"

तिने शब्द सांगितला.

"आणि निष्काळजीपणा?"

तिने तोही सांगितला. मग त्याने फोनवरचा हात काढून वाक्य पुरं केलं: बायकोच्या निष्काळजीपणामुळे सामान चोरीला गेलं, आपल्याला फार त्रास झाला, क्षमस्व. उच्चार अगदी स्वच्छ होता. तिनेच शिकवलेला.

विमानात खिडकीपाशी बसल्यावर तिला आधी हलकं वाटलं. शेजारची सीट रिकामी, तिने त्यावर पाय सोडले, एक सिनेमा पाहिला. अर्ध्या वाटेत कुठेतरी तिच्या लक्षात आलं की आपण परत चाललेलो नाही, आपल्याला कामाला पाठवलंय.

तोक्योत पोचली त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरची राधिका डबा घेऊन आली. राधिका एका माल-वाहतूक कंपनीत कामाला, दोन पोरांची आई, तोंडाने फटकळ. तिने मुगाची खिचडी ताटलीत वाढली आणि सगळं ऐकून घेतलं.

"थांब, थांब. पासपोर्ट त्याला कधी मिळणार?"

"पुढच्या बुधवारी."

"मग हा दाखला उद्याच काढून तो काय करणार? फ्रेम करून लावणार हॉटेलात?"

कस्तुरीला हसू आलं. "तो म्हणतो, एक टेन्शन तरी कमी होईल."

"त्याचं एक कमी, तुझं एक जास्त. हिशेब सरळ आहे. एजंट का नाही करत? माझ्या नवऱ्याच्या भावाचे कागद ज्या बाईने केले, ती दोन दिवसांत करून देते. नचिकेतने फक्त अधिकारपत्रावर सही करून पाठवायची."

"विचारलं मी. म्हणाला, घरात बायको असताना बाहेरच्या माणसाच्या हातात माझे कागद कशाला."

"नोकरीचं काय म्हणाला?"

"पहिल्या दिवशी नुसतं ओरिएंटेशन असतं म्हणे. एक दिवस उशिरा गेलीस तर काय जपान बुडतंय?"

राधिकाने चमचा खाली ठेवला. "हे नचिकेत म्हणाला? जो ताप अंगात असताना मास्क लावून सॉफ्टवेअरच्या रिलीजला ऑफिसात गेला होता, तो?"

"कंपनीला कळवून बघावं का गं? सांगावं, नवरा अडकलाय."

"कळव की. खूप छान बोलतील. 'अरेरे, केवढा त्रास, घरच्यांकडे लक्ष द्या.' आणि मग वर्षभर तुला काही महत्त्वाचं देणार नाहीत, कारण तू घरच्यांकडे लक्ष देणारी. माझंच झालं तसं. थोरल्याला गोवर झाला तेव्हा पहिल्याच महिन्यात तीन दिवस घरी राहिले. अजून मी पावत्याच लावतेय."

ती गेल्यावर पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. प्रभावतीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. आवाज अजून काउंटरवरचाच.

"कस्तुरी, अगं नचिकेतचा फोन आला होता. रडवेला झालाय पोर. त्याला तिथे भात तरी मिळतोय का?"

"मिळतो, आई. पिवळ्या रंगाचा."

"हं. उद्या जाणार आहेस ना त्या ऑफिसात?"

"आई, उद्या नोकरीचा पहिला दिवस आहे माझा."

"ते कळलं मला. नोकरी कुठे पळून जातेय? माणूस परमुलखात, खिशात कागद नाही. अगं, मी स्वतः नोकरी केलीय, मला नको सांगूस. ऑफिसरच्या परीक्षेला मी बसणार होते, त्याच आठवड्यात ह्यांचं अपेंडिक्स उठलं. नाही बसले. काय अडलं माझं? शेवटपर्यंत मानाने होते काउंटरवर."

ही गोष्ट कस्तुरीने लग्न झाल्यापासून कितीदा तरी ऐकली होती. पुण्याला गेलं की एकदा, त्या इथे आल्या की एकदा. दर वेळी शेवटी "काय अडलं माझं?" आणि दर वेळी त्या प्रश्नानंतर थोडा वेळ गप्प. आजही फोनवर तेवढीच शांतता पडली.

"तुम्हाला बसायचं होतं का, आई? परीक्षेला?"

"काहीतरीच विचारतेस," सासूबाई म्हणाल्या. "दूध गॅसवर आहे, ठेवते."

सकाळी कस्तुरीने काळा सूट घातला. बॅगेत कंपनीने मागवलेले कागद होते, आणि नचिकेतच्या पासपोर्टची जुनी झेरॉक्स, पोलिसांच्या तक्रारीची प्रत, लग्नाचा दाखलाही होता. दोन्ही घेतलं. आपण कुठे चाललोय हे घरातून निघताना तिने ठरवलं नव्हतं. ठरवायची तशी गरजही नव्हती. कावासाकीची गाडी शिनागावावरूनच जाते.

तोक्यो स्टेशनवर गाडीत चढली तेव्हा सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस म्हणून डबा गच्च भरलेला, आणि तरीही शब्द नाही. ती दाराला टेकून उभी राहिली. फोन थरथरला. 'निघालीस का? झोप नाही येत इथे. हॉटेलवाला विचारतोय किती दिवस राहणार.' तिने 'गाडीत आहे' एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं. लगेच त्याचा अंगठा आला.

शिनागावाला दार उघडलं. इथे एक रीत आहे. दारापाशी उभा असलेला माणूस आधी स्वतः फलाटावर उतरतो, बाजूला होतो, आतल्यांना उतरू देतो आणि मग परत चढतो. कोणी सांगावं लागत नाही. कस्तुरीही उतरली, दाराच्या कडेला उभी राहिली. अर्धा डबा तिच्या अंगावरून ओसंडून गेला. काळे सूट, पांढरे मास्क, सगळे भराभरा जिन्याकडे. समोरच्या पाटीवर बसच्या बाजूचा बाण होता. मार्चमध्ये ती याच बाणाने गेली होती.

आता काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी गाडी गेली असती. मग सगळं आपोआप झालं असतं. बस, रांग, टोकन, खिडकी, आणि दुपारी हायाकावा-सानना फोन, 'घरात अडचण आली.' त्या म्हणाल्या असत्या, 'अरेरे, केवढा त्रास.' संध्याकाळी नचिकेत म्हणाला असता, 'बघ, झालं की नाही?' आणि कधीतरी, खूप वर्षांनी, कोणाला तरी फोनवर ती म्हणाली असती, काय अडलं माझं?

गाडी सुटायची धून वाजायला लागली. तिच्यामागे रांगेत थांबलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाने अगदी हळू, तिच्या खांद्याला हातही न लावता, घसा साफ केला. तिने वाट अडवली होती.

"माफ करा," ती म्हणाली, आणि आत चढली.

दार बंद झालं. शिनागावा मागे सरकलं. मोठी मर्दुमकी गाजवल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही. घरातला गॅस चालू राहिलाय आणि आपण लांब निघून आलोय, तसं काहीसं वाटत होतं.

कंपनीत तिला निळं जाकीट मिळालं, नावाची पट्टी मिळाली. 'कासुतुरी-सान' असा उच्चार सगळ्यांनी तीन-तीनदा म्हणून पाहिला. फोन लॉकरमध्ये ठेवायचा होता. भूकंप झाला तर कुठल्या जिन्याने उतरायचं, चहाचे कप कुठल्या टोपलीत टाकायचे, असं बरंच सांगून झाल्यावर एका टेबलापाशी नेऊन हायाकावा-सान म्हणाल्या, "नव्या माणसाने आपलं यंत्र आधी स्वतःवर चालवायचं. आमच्याकडची पद्धत."

दंडाला पट्टा बांधला. यंत्र फुगलं, थांबलं, आकडे उमटले. हायाकावा-साननी चष्मा वर केला.

"बरंच जास्त आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांचं वाढतं," त्या म्हणाल्या. "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," कस्तुरी म्हणाली. आज तिने बोललेली खोटी गोष्ट ही एवढीच.

सहा वाजता तिने लॉकर उघडला. नचिकेतचे निरोप होते, सासूबाईंचे होते. राधिकाने एजंट बाईंचं अधिकारपत्र पाठवून ठेवलं होतं, खाली लिहिलेलं: 'फक्त सही हवी. शुक्रवारी दाखला. बाकी तू बघ.' कस्तुरीने ते नचिकेतला पुढे पाठवलं. घरी पोचून दिवा लावते तोच त्याचा फोन आला. तिकडे भर दुपार होती. मागे कोणीतरी गिटार वाजवत होतं, ग्लास किणकिणत होते, माणसं खदाखदा हसत होती.

"काय गं हे? दिवसभर फोन नाही, मेसेज नाही! आणि हे एजंटचं काय पाठवलंयस?"

"सही कर त्यावर आणि परत पाठव."

"म्हणजे आज झालं नाही." तो सुस्कारला. मग त्याचा सूर एकदम खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. "गर्दी असेल ना? सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस, टोकनंच संपली असतील. मला वाटलंच होतं. जाऊ दे, दमली असशील. उद्या जरा अजून लवकर नीघ."

कस्तुरी ओट्याला टेकून उभी होती. निळं जाकीट तिने अजून काढलं नव्हतं. किती सोपं करून दिलं होतं त्याने! एक 'हो' म्हणायचं. गर्दी होती, टोकनं संपली, मी दमले. तो चार शब्द चांगलेही बोलला असता. घरात शांतता राहिली असती. आणि उद्या सकाळी पुन्हा तिला त्याच फलाटावर उतरून पुन्हा चढावं लागलं असतं, आणि परवाही.

"गर्दीचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी गेलेच नाही."

गिटार वाजतच होती.

"म्हणजे?"

"म्हणजे कामावर गेले. उद्याही जाणार आहे. रोजच जाणार आहे, नचिकेत."

"मी इथे अडकून पडलोय, कस्तुरी. तुझ्यामुळे."

"पाउच मी ठेवलं टेबलावर. तू बोलावलंस म्हणून उठले. दोघांची सवय एकच होती." तिचा आवाज कापत होता आणि ते त्याला ऐकू जात असणार, पण आता त्याला इलाज नव्हता. "दाखला शुक्रवारी निघेल. पासपोर्टच्या आधी मिळेल तुला. तुझी फक्त सही अडलीय."

"आणि नाही केली तर?"

"तर नको करूस."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "अगं, पण मी करू काय इथे दिवसभर?"

"चौकात बाक आहेत," ती म्हणाली. "बस जरा."

फोन बंद झाला. त्याने केला की आपल्याकडून झाला, हे तिला कळलं नाही. तिने जाकीट काढून खुर्चीला लावलं, कुकर चढवला, भात शिजेपर्यंत उद्याचा शर्ट इस्त्रीला घेतला. कॉलरच्या टोकावरून इस्त्री फिरवत असताना फोन उजळला. सही केलेला कागद. वर तिचं नाव नाही, खाली शब्द नाही. पाठोपाठ दुसरा निरोप आला: 'आल्यावर बोलू.'

तिने कागद एजंट बाईंना पाठवून दिला. मग तो दुसरा निरोप पुन्हा वाचला. काय बोलणार तो, हे तिला इथूनच ऐकू येत होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये आईचं नाव कुठे येणार, पाउच कुठे येणार, आणि 'आता काय बाबा' कुठल्या सुरात म्हणणार, तेसुद्धा. तिने इस्त्री उभी केली, शर्ट उलटा केला आणि बाह्यांना सुरुवात केली.